पाडव्यापर्यंतची जबान

मु. खडकवाडी, ता. आष्टी, जि. बीड
८ सप्टेंबर

तुळजा,

आजीचा आशीर्वाद घे. तुझं नाव पेपरात आलं ते मोहनराव मास्तरांनी घरी येऊन वाचून दाखवलं. मी म्हणलं, मला वाचता येतं, सकाळीच वाचलंय. तरी त्यांनी पुन्हा वाचलं. न्यूझीलंड दौऱ्यासाठी भारताचा महिला संघ, आन एकदम खाली, सगळ्यांच्या पाठीमागं, तुळजा उत्तरेश्वर गर्जे, राखीव यष्टिरक्षक. तुझा बाप पेपर धरून लई वेळ उभा राह्यला आन म्हणाला, आडनाव बरोबर छापलंय. एवढंच. त्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हंजी आमच्या हिरीतून पाणी काढायचं.

मास्तर म्हणाले, राखीव म्हंजी पहिलीला दुखापत झाली तर तू. म्हंजी दुसरीचं वाईट व्हईस्तोवर तुला काम न्हाई. असली मजुरी मी कुठं ऐकली न्हाई. पण इमानात बसायला मिळतंय तर बस.

आता इकडचं. गणपती बसले आन बुडवायला पाणी न्हाई म्हणून टाकीत बुडवले. बाजरी टिचभर येऊन वाळली. कारखान्यानं आष्टीच्या अलीकडं माळावर जनावरांची छावणी काढलीय. दोन बैलं आन गाय घेऊन दिवाळी झाली की मला तिथं मुक्कामाला जायाचंय. जनावरामागं घरचं माणूस पाहिजेच, असा नियम. तुझे आई-बाप भाऊबीज झाली की सालाबादप्रमाणं ऊस तोडायला जातील. घराला कुलूप.

राह्यली भिवरा. तीन सालं ती माझ्यापाशी राहून शिकली. नववीत हाय. आई-बापासंगं धाडली तर शाळा बुडली. छावणीत न्यावी तर तिथं भिंत न्हाई न दार न्हाई, चार गावचे बाप्ये उघड्यावर पसरलेले. म्हणून तू म्हणलीस ते मला पटलं. तुझ्या पुण्याच्या वसतिगृहात तिला घालायची. दिवाळीची सुट्टी संपून दार उघडंल त्या दिवशी तुझ्या हाताला धरून तिनं आत जायाचं. तू पंधरा ऑक्टोबरला येतीस, पाडवा सव्वीसचा. पाडव्यापर्यंत पोरगी मी सांभाळते. त्याच्या पुढं माझ्याच्यानं व्हणार न्हाई. वेळेवर आली न्हाईस तर ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या राधाकिशन मुकादमाच्या ट्रॅक्टरात बसवून देईन, मग बस उसाच्या फडाफडात हुडकत.

पाकिटावरचं इंग्रजी भिवरा लिहिती आन शाळंला जाताना पेटीत टाकती. आतलं समदं माझ्या हातचं हाय. गावातला फोन तार चोरीला गेल्यापासून मेलेला हाय, तवा पत्रच टाक.

केशरबाई

ऑकलंड
२० सप्टेंबर

आजी,

तुझं पत्र मुंबईच्या शिबिरात निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. विमानात पुन्हा वाचलं. शेजारच्या मुलीनं विचारलं का हसतेस, तर मला मराठीतून तिला सांगता येईना, ती केरळची.

इथं पाऊस आहे. तू चिडशील म्हणून आधीच सांगते, पहिला सामना पावसात वाहून गेला. थेंब पडायला लागले की चार माणसं धावत येतात आणि मैदानावर ताडपत्री अंथरतात, आपण फडावर पाचटाच्या कोपीवर टाकतो तशीच, फक्त मोठी. आम्ही काचेमागे बसून बघतो. सगळ्या मुली कंटाळल्या होत्या. मी एकटीच खिडकीला नाक लावून बसले होते.

दुसऱ्या सामन्यात मी पाणी नेलं. चार वेळा. खोटं सांगणार नाही. पहिली यष्टिरक्षक चांगली आहे, माझ्याहून चांगली आहे, आणि माझ्याशी नीट वागते. कसोटीसाठी निवडलेल्या मुलींना पांढरे कपडे मिळालेत. मला फक्त रंगीत. म्हणजे एकदिवसीय सामने संपले की मी घरी. पंधराला मुंबई, सोळाला तुझ्यासमोर. सोबत दौऱ्याचा कागद पाठवतेय. कोणत्या तारखेला कोणतं गाव, कोणतं हॉटेल, सगळं आहे. भिवराला सांग पत्ता बघून लिही.

ट्रॅक्टरात बसवायचं लिहिलंस ते वाचून भिवराही हसली असेल. मला तू बारवेत टाकणार होतीस, भांडेवालीला देऊन टाकणार होतीस, एकदा तर कपिलधारच्या जत्रेत मुद्दाम विसरून येणार होतीस. अजून आहेच मी.

भिवराला म्हणावं पुण्याच्या शाळेत बीजगणित आधीच पुढे गेलंय, आत्तापासून वाच.

तुझी तुळजा

खडकवाडी
२७ सप्टेंबर, घट बसले त्याचा दुसरा दिवस

तुळजा,

तुझं पत्र अजून आलं न्हाई, तरी मी लिहायला बसले. वाट बघायला सवड न्हाई. तुझा तिकडचा पत्ता आला की भिवरा पाकिटावर घालून टाकंल.

मास्तरांनी काल पेपर दाखवला. त्या पहिल्या पोरीचं बोट मोडलं म्हणं. आता तू खेळणार. बरं झालं म्हणवत न्हाई, पण तुझ्यापुरतं बरं झालं. पण मास्तर असंबी म्हणाले, की आता तुला ते पुढच्या कसोटीलाबी ठेवून घेतील, आन मग तू नोव्हेंबर संपताना येशील. त्यासाठी लिहिते. थांबू नको.

आता नीट वाच. राधाकिशन मुकादम घटस्थापनेला टोळीची नावं मांडायला बसला. तुला ठाऊक हाय, नाव माणसाचं नसतं, कोयत्याचं असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हंजी अर्धा कोयता, त्याला कुणी टोळीत घेत न्हाई. त्याच्या बहिणीचा पोरगा अर्जुन हाय, धारूरकडचा. दोन सालं तो आईबरं तोडायचा. औंदा आईची कंबर गेली. त्याला बायको पाहिजे, आन ती टोळी निघायच्या आत पाहिजे. राधाकिशन माझ्याकडं आला. भिवराला मागितली.

मी न्हाई म्हणले न्हाई. तुझ्यापाशी खोटं कशाला. मी म्हणलं, मोठी नात पंधरा तारखेला येती, ती धाकटीला पुण्याला नेणार हाय. पाडव्यापर्यंत मोठी आली न्हाई तर पोरगी तुमची. टोळीतली चार माणसं बसल्याली, त्यांच्यासमोर जबान दिली. तू येणारच हाईस, मग माझं काय जातंय, असं मला वाटलं. आन समजा न्हाईच आलीस, तर पोरीला उघड्यावर ठेवण्यापेक्षा एक दार उघडं असावं. मी तीन दुष्काळ काढलेत. मी एका दाराच्या भरवशावर बसत न्हाई.

त्यानं त्या दिवसापासून दुसरीकडं पोरगी बघायची बंद केली. माझ्या शब्दावर. आता मला मागं फिरता यायचं न्हाई. तुझी आई रडती. तुझा बाप हिरीसारखा गप हाय.

मी बाराव्या वर्षी लग्न होऊन फडात गेले, बावीस सालं ऊस तोडला, मेले न्हाई. पण तिला शिकायचं हाय आन तुलाबी तसंच वाटतं. म्हणून सांगते, ह्या टायमाला भेव दाखवत न्हाई, खरं हाय. तुमच्या संघाच्या मुकादमीणीनं राहा म्हणलं तर तिला सांग, घरी काम हाय. कसोट्या पुढच्या सालीबी व्हतील.

पंधराला ये.

केशरबाई

ख्राइस्टचर्च
१२ ऑक्टोबर

आजी, भिवरा, आई, अण्णा, सगळ्यांना,

काल शेवटचा एकदिवसीय सामना झाला. मालिका आम्ही हरलो, पण शेवटचे तीन सामने मी खेळले. काल पाच जणींना यष्टीमागे बाद केलं. इथल्या पेपरात माझं नाव आलंय, पण आडनाव चुकलंय. अण्णांना सांगू नका.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या यष्टिरक्षकाचं बोट जुळायला सहा आठवडे लागणार. मॅनेजरबाईंनी मला बोलावलं आणि विचारलं, कसोटीसाठी राहशील का? आधी दोन सराव सामने, मग तीन कसोट्या, चार-चार दिवसांच्या. घरी काही अडचण? मी म्हणाले, नाही.

आजी, मला तुझं सगळं कळतं. तू जे लिहिलंस ते मी विसरलेले नाही. पण पाडव्याच्या ऐवजी महिन्याभरानं मी आले तर काय होतंय? मी तुला लहानपणापासून ओळखते. तू तोंडानं कितीही कडक बोललीस तरी पोरीला घराबाहेर काढणारी नाहीस. वसतिगृहाच्या बाईंना मी पत्र टाकलंय. एक डिसेंबरपर्यंत त्या जागा धरून ठेवतील. अठ्ठावीस नोव्हेंबरला मी मुंबईत उतरते, आणि तिथून थेट तुमच्याकडे. एवढा एक महिना तिला छावणीत तुझ्या अंथरुणाशेजारी झोपव. तुझ्या तोंडाला भिऊन कुणी जवळ येणार नाही.

मला पांढरे कपडे मिळाले. त्या पहिल्या यष्टिरक्षकाचेच आहेत, ती उंच आहे, म्हणून पँट दोनदा दुमडावी लागते. भारताकडून कसोटी खेळलेली आष्टी तालुक्यातली कुणी मला तरी माहीत नाही.

माझ्यासाठी एवढं कर.

तुळजा

चारा छावणी, आष्टी
२९ ऑक्टोबर

तुळजा,

तुझं पत्र धनतेरसला आलं. मास्तर व्हते, तुझी आई व्हती, राधाकिशनबी फराळाला आल्याला. मी सगळ्यांसमोर वाचलं. माझं मीच वाचलं, कुणाला देलं न्हाई.

तू म्हणतीस, तू जे लिहिलंस ते विसरले न्हाई. बरं झालं विसरली न्हाईस. मुकादमाचं नाव लिहिलं, पोराचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, चार माणसांसमोर जबान दिल्याचं लिहिलं. तू ते समदं वाचलंस आन तुमच्या बाईनं घरी अडचण हाय का इचारलं तर न्हाई म्हणलीस. पांढऱ्या कपड्यासाठी.

मग मी तरी कुणासाठी थांबू? पाडव्याला सकाळी लग्न लावलं. चातुर्मास, लग्नाला मुहूर्त न्हाई, भटजी यायला तयार न्हाई. राधाकिशनच्या दारात, ट्रॅक्टर भरून उभा असताना. अर्धी भांडी वर चढल्याली. हळद त्यांच्याकडचीच. तुझ्या आईनं स्वयंपाक केला आन जेवली न्हाई. तुझा बाप जनावराला पाणी दाखवायला गेल्ता तो अक्षता पडल्यावर आला. भाऊबीजंच्या दुसऱ्या दिवशी टोळी गेली. नगर जिल्ह्यात कुठंतरी गेलीय. तुझे आई-बाप दुसऱ्या मुकादमाच्या टोळीत, दुसऱ्या जिल्ह्यात गेले.

भिवरा रडली न्हाई. ट्रॅक्टरात बसताना मला म्हणाली, आजी, ताईला लिहू नको, तिचे सामने हायत. मी म्हणलं, तिला समदं ठाऊक हाय. तवा ती माझ्याकडं बघत राह्यली आन काय बोलली न्हाई.

तुला सांगायचं व्हतं ते सांगितलं. आता चार-चार दिवस खेळ. हे पाकीट मास्तरांकडून लिहून घेतलंय, कारण लिहिणारी गेली.

केशरबाई

वेलिंग्टन
६ नोव्हेंबर

आजी, भिवरा,

पहिली कसोटी आज संपली. अनिर्णित. तू म्हणशील चार दिवस राबून निकाल नाही तर खेळता कावून. सांगते. शेवटच्या दिवशी आम्ही हरणार होतो. सात जणी बाद झाल्या तेव्हा मी आत गेले आणि दिवस संपेपर्यंत बाहेर आले नाही. साडेचार तास. एकेचाळीस धावा, नाबाद, पण धावांचं काही नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. चेंडू अंगावर आदळत होते. बरगडीवर दोन काळे डाग आहेत. उन्हात मोळी बांधताना दिवस मावळायची वाट बघतो तशी मी घड्याळाकडे बघत होते. संपल्यावर त्यांच्या कप्तानबाई येऊन हात मिळवून गेल्या. भिवरा, तू असायला हवी होतीस. मी आत उभी असताना मनातल्या मनात तुला सगळं सांगत होते, आता ही बाई चेंडू बाहेर टाकणार, आता आत आणणार. तू ऐकत होतीस म्हणून मी बाद झाले नाही, असं

८ नोव्हेंबर

वरचं परवाचं आहे. पूर्ण करायचं राहिलं होतं. आज तुझं पत्र आलं.

आजी, कोणतं पत्र?

मी सगळं पुन्हा काढून बघितलं. आजचं सोडलं तर माझ्याकडे तुझं एकच पत्र आहे, मुंबईला आलेलं. त्यात ट्रॅक्टरात बसवून देईन एवढंच आहे. ते तू नेहमी बोलतेस तसं. अर्जुन कोण, जबान कसली, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. मी सगळ्या हॉटेलांना फोन करून विचारलं, माझ्या नावाचं काही मागे राहिलंय का. कुठेच नाही.

मला माहीत असतं तर मी आले असते. आजी, मी आले असते. तू असं कसं समजलीस की मी वाचलं आणि राहिले?

मॅनेजरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या तिकीट बदलून लगेच जा, पण विमान आठवड्यानं आहे, आणि मी तिथं पोचून काय करणार? लग्न झालंय. टोळी कुठल्या कारखान्यावर आहे तेही तू लिहिलं नाहीस. नगर जिल्हा केवढा आहे.

मी दुसरी कसोटी खेळणार आहे. का खेळणार ते मला माहीत नाही. सरावात हातातून सोपे झेल सुटतायत.

भिवरा कुठे आहे ते शोध. मला फक्त एवढं लिही.

तुळजा

चारा छावणी, आष्टी
२३ नोव्हेंबर

तुळजा,

हे पत्र मुंबईच्या त्याच पत्त्यावर टाकते, तू उतरलीस की मिळंल. उभ्यानं वाचू नको, बसून वाच.

तुझं पत्र अठराला आलं. कोणतं पत्र, हे वाचलं आन मी गायीपाशी खाली बसले. माझ्या ध्यानात आलं, माझ्या हातचं पाकीट मी कधी पेटीत टाकल्यालंच न्हाई.

छावणीत जनावराला चारा म्हणून उसाचं वाढं येतं, त्याचं शेंड्याकडचं हिरवं पान. ते कारखान्याच्या फडातून ट्रकनं येतं. धुळाजी नावाचा डायवर एकाआड एक दिवस येतो. त्याला इचारलं, राधाकिशनची टोळी कुठल्या फडात हाय. तो म्हणाला, मावशी, हे वाढं त्यांच्याच फडातलं हाय, पंधरा दिवस झालं तेच आणतोय. म्हंजी पोरगी तोडत व्हती आन माझी बैलं खात व्हती, आन मला ठाऊक न्हाई.

रिकाम्या ट्रकात बसून मी गेले. जनावरं शेजारणीवर सोडली.

भिवरा फडात व्हती. लुगड्यावर बाप्याचा शर्ट, डोक्याला फडकं, पानानं हात चिरल्याले. मला बघून ती मोळी बांधायची थांबली न्हाई, गाठ मारली आन मग उभी राह्यली. मी तिला बाजूला घेतलं. पाणीबी मागितलं न्हाई, सरळ इचारलं.

"ताईला खरं लिहिलंतं ते पत्र टाकलंतंस का?"

"न्हाई. दप्तरात हाय. घरी, खुंटीला."

"कावून?"

"तू तिला थांबू नको म्हणलीतीस. तिनं वाचलं असतं तर ती आली असती. तिचा नंबर पहिल्यांदाच लागत व्हता."

मी म्हणलं, अगं पण त्याच्यात तुझं लग्न लिहिलंतं. तुला वाचता येतं न्हवं. तर म्हणाली,

"मला वाटलं तू नुसतं भेव दाखवतीस. तू नेहमीच दाखवतीस. ताईबी तसंच म्हणायची."

ह्या टायमाला खरं हाय असं मी लिहिलंतं, तर म्हणाली, ते बी तू दर टायमालाच म्हणतीस.

तुळजा, मला सासूनं, नवऱ्यानं, मुकादमानं, कुणी गप केलं न्हाई. त्या पोरीनं केलं. मी जलमभर हे तोंड चालवलं. कुणाला हात लावला न्हाई, बोलूनच धाक ठेवला. आन जवा एकदा खरं बोलले तवा माझ्याच दोन पोरी हसल्या. तुमचं चुकलं न्हाई. मी तुमाला तसंच शिकवलं.

पाडव्याच्या सकाळपर्यंत ती वाट बघत व्हती म्हणं, की मी आता राधाकिशनला शिव्या देऊन हाकलीन. अक्षता पडल्यावर तिला कळलं. आन मी तिला ट्रॅक्टरापाशी सांगितलं, ताईला समदं ठाऊक हाय. तवाबी ती बोलली न्हाई. बोलली असती तर मी ट्रॅक्टरापुढं आडवी पडले असते. तिला वाटलं आता बोलून आजीला कशाला जाळा.

मला असंबी सुचलं न्हाई, की पुणं काय परदेशात न्हाई, मीच तिला घेऊन गेले असते. एसटी जाती. बाईंनी एका म्हातारीला दारातून हाकललं नसतं. पण जबान दिलती, आन तुझ्यावर राग धरलाता. राग असला की मला दुसरं काय दिसत न्हाई.

मी राधाकिशनला म्हणलं, मी जबान मोडते, पोरगी नेते. तो आवाज न चढवता बोलला. केशरबाई, अर्धा हंगाम झाला न्हाई, तुमी टोळीसमोर देलेला शब्द फडात येऊन मोडता? मी म्हणलं, मोडते. माझ्यावर थुंका. तो म्हणाला, मला न्हाई, पोरीला इचारा.

भिवरा ट्रकापाशी आली न्हाई. म्हणाली, मी गेले तर ह्यांचा अर्धा कोयता राहील, ह्यांना टोळीतून काढतील, घरी म्हातारी अंथरुणात हाय. पट्टा पडला की येते, परीक्षेला. पट्टा पडणं म्हंजी गाळप संपणं, ते एप्रिलच्या आत संपत न्हाई, आन परीक्षा त्याच्या आधी व्हती. तिला ठाऊक हाय. मलाबी ठाऊक हाय. दोघीबी तसंच बोललो.

पोरगा वाईट न्हाई. तिच्या वाट्याच्या मोळ्या तोच ट्रकात चढवतो. माझ्या पाया पडला. पण वाईट न्हाई म्हणून काय झालं. तोबी लेकरूच हाय, मिसरूड फुटल्यालं न्हाई.

निघताना भिवरानं इचारलं, ताईनं किती केलं. मी म्हणलं, साडेचार तास हलली न्हाई, एकेचाळीस. तर म्हणाली, आउट का नॉट आउट. नॉट आउट म्हणलं तवा जरा हसली. मग कुणीतरी हाक मारली आन गेली.

आता तू काय करायचं ते ऐक. माझ्याकडं येऊ नको, वेळ जाईल. नगरच्या स्टँडवर उतर, तिथून आमची छावणी काढलेल्या त्याच कारखान्याकडं जाणारी जीप धर. कारखान्याच्या मागच्या अंगाला कालवा हाय, त्याला पाणी न्हाई. कालव्याच्या कडंनं कोपींची ओळ लागती, मोजत जा, आठवी. दारात निळं ताडपत्रीचं फडकं हाय आन चुलीपुढं लाल घागर. दुपारपर्यंत ती फडात असती, तवा दिवस कलल्यावरच जा. एकटी जाऊ नको. आधी पोलीस ठाण्यात जा, फौजदार संगं घे. तिथं ती न्हाई म्हणंल, तुझं तोंड बघून तर जास्तच म्हणंल. ऐकू नको. माझं ऐकलं नसलं तरी फौजदाराचं त्यांना ऐकावं लागंल. ती तुझ्यावर चिडंल, चिडू दे.

ठाण्यात कागद लागंल म्हणून मी खाली लिहून देते. मास्तर म्हणाले असं लिहिलं तर तुमच्यावरच केस व्हईल. मी म्हणलं मग कुणावर व्हायला पाहिजे? त्यांनी सांगितलं तसं वयाचं आन तारखेचं लिहिलंय, बाकी माझं.

लिहून देणार केशरबाई धर्मराज गर्जे, वय अंदाजे सत्तर, राहणार खडकवाडी, तालुका आष्टी.

लिहून देते की माझी नात भिवरा उत्तरेश्वर गर्जे हिचं लग्न पाडव्याच्या दिवशी लावलं. शाळेच्या दाखल्यावर तिचं वय चौदा वर्षे सात महिने हाय. हे मला ठाऊक व्हतं. लग्न मी ठरवलं, जबान मी दिली, उभं राहून मी लावलं. तिच्या आई-बापाचा यात हात न्हाई. नवऱ्याकडच्यांनी जबरदस्ती केली न्हाई.

तिला कुणी इचारलं न्हाई. मीबी न्हाई.

केशरबाई धर्मराज गर्जे